मजा न घालवता टर्बो पेट्रोलचं ॲव्हरेज कसं वाढवायचं?

घाटरस्ता (पुणे)

नमस्कार मंडळी. दिवाळीत फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली, दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), १५० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क. गाडी मनापासून आवडलीये, ओव्हरटेक करताना जी खेच मिळते ती आधीच्या गाडीत कधी अनुभवली नव्हती. रोजचं येणंजाणं कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे चांदणी चौकातून बायपास आणि मग वाकडच्या पुढचं जे काय असतं ते, पुणेकरांना सांगायची गरज नाही. सिटीत ॲव्हरेज ९ च्या आसपास पडतंय आणि हायवेला निवांत चालवली तर १७-१८. २०२२ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीचा एआरएआय (मान्यताप्राप्त चाचणीचा) आकडा १८.६७ होता. मला गाडी मारून मुटकून बैलगाडीसारखी चालवायची नाहीये, पण पेट्रोल उगाच जळत असेल तर ते थांबवायचंय. ऑफिसातला एकजण म्हणतो रीमॅप कर (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदल), दुसरा म्हणतो एअर फिल्टर बदल, पंपावरचा म्हणतो महागडं पेट्रोल टाका. नक्की कशाने फरक पडतो? ज्यांनी स्वतः मोजून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

रत्नांग्री_एक्सप्रेस

१५० पीएसची गाडी घेतली ना दादा, मग ॲव्हरेज कशाला बघताय? ॲव्हरेजच पाहिजे होतं तर सीएनजी घ्यायची. ताकद वापरली की पेट्रोल जाणारच, ते कुणाला चुकलंय.

घाटरस्ता

ताकद वापरताना जाणारं पेट्रोल मला मान्यच आहे हो, ते आनंदाने भरतो. सिग्नलला उभं राहून जातं त्याचं वाईट वाटतं.

बोनेटखाली (पिंपरी)

चांगला विषय काढलात. इंजिन टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलीयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तो १८.६७ चा आकडा डोक्यातून काढा. ती टेस्ट रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते, एसी बंद असतो आणि त्या सायकलमध्ये कमाल वेग ९० च्या वर जातच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, तुमच्या हिंजवडीशी त्याचा काही संबंध नाही.

आता टर्बोचं. टर्बो इंजिन म्हणजे एकाच बॉडीत दोन इंजिनं. पाय हलका असेल तेव्हा ते साधं दीड लिटरचं इंजिन असतं, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) अर्धवट मिटलेलं, आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. पाय दाबला की टर्बो जास्त हवा कोंबतो आणि तेवढंच जास्त पेट्रोल सोडावं लागतं, तुमची खेच येते ती तिथून. इथपर्यंत काही वावगं नाही, कामाच्या बदल्यात इंधन. नुकसान त्याच्या पुढे सुरू होतं. खूप लोड आणि खूप आरपीएम दोन्ही एकत्र आले की एक्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिश्रण मुद्दाम रिच करतो, म्हणजे जास्तीचं पेट्रोल निव्वळ थंडाव्यासाठी आत जातं आणि अर्धवट जळून बाहेर पडतं. तुमच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच आहे आणि कूलंट त्याच्याभोवती फिरतं, त्यामुळे ही वेळ जुन्या टर्बोंच्या मानाने उशिरा येते, पण येते.

दुसरं नुकसान नॉकिंगचं, म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये अवेळी आपोआप पेटण्याचं. एप्रिल-मे मध्ये दुपारी ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत आत येणारी हवा चांगलीच तापते, इंटरकूलरवर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) वारा नसतो, अशात एकदम पाय दाबलात तर नॉक सेन्सर जागा होतो आणि ईसीयू स्पार्क मागे घेतो. तेवढंच पेट्रोल जळतं पण काम कमी होतं. म्हणून सिग्नल सुटल्यावर पहिले काही सेकंद हलक्या पायाने गाडी हलवा, वारा लागू द्या, मग हवी तेवढी पळवा.

थोडक्यात बूस्ट (टर्बोने कोंबलेली हवा) वाईट नाही, पुढच्या लाल सिग्नलसाठी मारलेला बूस्ट वाईट. वेग घेतला आणि पन्नास मीटरवर ब्रेक मारला तर ते सगळं पेट्रोल ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन गेलं.

ठाणेकरीण

शेवटचं वाक्य हजार वेळा पटलं. माझ्याकडे ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे, २०१७ ची, घोडबंदर रोडवर रोज. आरशात आणि पुढे दोनशे मीटरवर लक्ष ठेवलं तर ब्रेकवर पाय निम्म्या वेळाच जातो. पुढचा सिग्नल लाल दिसला की मी तिथूनच पाय काढते, गिअरमध्येच राहू देते. मागचा हॉर्न वाजवतो आणि पुढे जाऊन त्याच सिग्नलला माझ्या शेजारी उभा असतो.

एक विचारायचं होतं, उतारावर न्यूट्रल करून सोडली तर जास्त वाचतं का? आमच्या सोसायटीतले काका शपथेवर सांगतात.

बोनेटखाली

ताई, काकांना कार्ब्युरेटरच्या काळात थोडंफार वाचत असेल. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात, पेट्रोल शून्य. आरपीएम आयडलच्या जवळ आला की पुन्हा सुरू होतात. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतः चालू राहायला पेट्रोल लागतंच. आणि घाटात न्यूट्रल म्हणजे इंजिन ब्रेकिंग गेलं, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून फेल झालेल्या गाड्या मी बोरघाटात बघितल्यात. कृपा करून कुणीही करू नका, वाचणारं इंधनही नाही आणि जीव मात्र टांगणीला.

अर्थात सपाट रस्त्यावर जिथे पुढे काही अडथळा नाही तिथे गिअरमध्ये पाय काढला तर गाडी लवकर मंदावते, मग पुन्हा वेग घ्यावा लागतो. त्यामुळे वेग कमी करायचाच असेल तेव्हाच पूर्ण पाय काढा, नाहीतर नुसता हलका ठेवा.

श्टुटगार्टकर

इकडून लिहितोय, गोल्फ जीटीआय, २४५ पीएस. तिकडच्या मित्रांना एक गोष्ट नेहमी सांगतो, किलोमीटर पर लिटर हा आकडा फसवतो. इकडे शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं असं मोजतात आणि त्याने डोळे उघडतात. धागाकर्त्याचंच उदाहरण घ्या. सिटीत ९ चे ११ केलेत तर १०० किमीला ११.१ लिटर लागायचं तिथे ९.१ लागेल, म्हणजे दोन लिटर वाचले. हायवेला १८ चे २० केलेत तर ५.५६ चे ५, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. दोन्हीकडे "दोनने वाढलं" असंच दिसतं, पण सिटीतले दोन जवळपास चौपट मोलाचे. सगळे लोक हायवेचं ॲव्हरेज किती आलं याचे फोटो टाकतात आणि पैसे जातात सिटीत.

ऑटोबानवर १३० हा सुचवलेला वेग आहे, बऱ्याच ठिकाणी वर मर्यादाच नाही. १८० ला लावली की हीच गाडी १३० च्या तुलनेत किती पिते ते स्क्रीनवर समोर दिसतं, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो ना.

घाटरस्ता

बाप रे, हे असं कधी बघितलंच नव्हतं. माझं सिटी रनिंग महिन्याला साधारण ८०० किमी, म्हणजे १६ लिटर. लिटरला १०४ च्या आसपास भाव धरला तर दीड हजाराच्या वर झाले की हो महिन्याला.

ऑरेंजसिटी

हवेच्या अडथळ्यावरून. मी नागपूर-शिर्डी समृद्धीने नेहमी करतो, ५२० किमी, मर्यादा १२०. १०० ने गेलं तर ५ तास १२ मिनिटं, १२० ने ४ तास २० मिनिटं. पण १०० ला जेवढा वारा लागतो त्याच्या १.४४ पट १२० ला. पूर्ण खर्च दीडपट होत नाही कारण टायरचा रोध आणि इंजिनाचं घर्षण तेवढं वाढत नाही, पण माझ्या गाडीत फरक चांगला जाणवतो. मी १०५ वर क्रूझ लावतो, तेवढा वेळ गेला तरी चालतो मला. घाई असली तर १२०, त्याचं दुःख नाही.

आणि समृद्धीवर जाणाऱ्यांनो टायरची हवा. काँक्रीटचा रस्ता, विदर्भाचा उन्हाळा, तासन् तास एकच वेग. हवा कमी असेल तर टायर जास्त चेपतो, तापतो, पेट्रोल पितो आणि फुटू शकतो. निघायच्या आधी गार टायरवर बघायची, पन्नास किमी चालवून पंपावर बघितली तर तापलेली हवा जास्तच दाखवणार आणि लोक ती काढून टाकतात! हे अजिबात करू नका.

गॅरेजवाला_सांगली

हवेबद्दल बरोबर बोललासा. दाराच्या खांबावर न्हाईतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतोय, त्यावर दोन माणसांची आन् फुल लोडची हवा येगयेगळी लिवलेली असतीय, ती बघा. ॲव्हरेज वाढतंय म्हणून ४० मारणारी पोरं येत्यात माझ्याकडं, पावसात ब्रेकच धरत न्हाई मग. असल्या जोरकस गाडीला ग्रिप पायजेच, स्टिकरच्या वर जाऊ नगा.

आता गॅरेजमधलं सांगतो. अचानक ॲव्हरेज पडलं तर चालवणाऱ्याला बोलायच्या आधी चार गोष्टी बघायच्या. एक, ब्रेक चिकटतोय का. लांब चालवून आल्यावर चारी चाकांच्या जवळ हात न्या, रिमला लावू नगा भाजल, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर कॅलिपर अडकलाय. दोन, टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन जो रबरी पाईप असतोय त्याचा क्लॅम्प ढिला झाला की हवा गळती, गाडी खेचत न्हाई म्हणून माणूस जास्त दाबतोय आन् पेट्रोल जास्त जातंय, पाय दाबल्यावर फुस्स असा आवाज येतोय बघा. तीन, अलाईनमेंट, खड्ड्यात आपटल्यावर करून घ्याच. चार, डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इनटेक वॉल्ववर काजळी धरतीय कारण पेट्रोल वॉल्ववरनं जातच न्हाई धुवायला. लय वर्षांनी धरतीय, नव्या गाडीत घाबरायचं काम न्हाई.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिवलंय त्याच स्पेसिफिकेशनचं. घट्ट ऑईल टाकलं म्हंजे इंजिन टिकतंय ही जुनी समजूत, ह्या इंजिनांना पातळच ऑईल दिलेलं असतंय आन् ते बदललं की ॲव्हरेजबी जातंय.

ठाणेकरीण

किती छान सांगितलंत दादा. गरम चाकाची ट्रिक आजच करून बघते.

घाटरस्ता

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतोय. आता माझे उरलेले प्रश्न, रीमॅप, फिल्टर आणि महाग पेट्रोल. आणि ते ई२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) काय? त्यामुळे किती पडतंय?

बोनेटखाली

फिल्टर आधी, कारण सोपंय. हलक्या पायाने चालताना थ्रॉटलच हवा अडवत असतो, त्याच्या आधीचा फिल्टर मोकळा केलात काय न केलात काय, इंजिन तेवढीच हवा मागणार आणि सेन्सर मोजून तेवढंच पेट्रोल देणार. महागड्या फिल्टरने ॲव्हरेज वाढत नाही. चोंदलेला फिल्टर मात्र फुल बूस्टला टर्बोला जास्त कष्ट देतो, म्हणून वेळेवर कंपनीचाच बदला. धुळीच्या रस्त्यावर असाल तर थोडा लवकर. चुंबक, पेट्रोल लाईनला लावायच्या पट्ट्या, ओबीडीत (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये) खुपसायचे डबे, यांच्यावर एक रुपया घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली बरीच उपकरणं तपासली, बहुतेकांचा उपयोग शून्य निघाला.

ई२०. एक लिटर शुद्ध पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास कमी, आधीच्या ई१० शी तुलना केली तर साडेतीनच्या आसपास. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने इंजिन त्यासाठी ट्यून केलं असेल तर यातलं थोडं परत मिळतं. तुमच्या दहा किलोमीटरमागे पाव ते अर्धा किलोमीटर एवढा हा मामला. मला स्वतःला वाटतं पंपावर साधं आणि ई२० असे दोन्ही पर्याय असायला हवे होते, जुन्या गाडीवाल्यांवर हा अन्याय आहे, पण तो वेगळा धागा होईल.

९५ च्या वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल: ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नाही, नॉक न होण्याची क्षमता. तुम्ही घाटात, उन्हाळ्यात, पाय दाबून चालवत असाल तर ईसीयूला स्पार्क मागे घ्यावा लागत नाही, तिथे उपयोग आहे. बायपासला ६० ने चाललेल्या गाडीत नॉक होतच नाही, मग कशाला?

रीमॅप: स्टेज वनने (रीमॅपची पहिली पायरी) खालच्या आरपीएमला टॉर्क वाढतो, त्यामुळे पाय कमी दाबावा लागतो असं वाटतं, पण गाडी ढकलायला लागणारी ऊर्जा तीच. ज्यांचं वाढलं ते हळू चालवायला लागले म्हणून. हो, मजा वाढते हे शंभर टक्के खरं, मजेसाठी करा हवं तर, ॲव्हरेजसाठी वॉरंटी घालवू नका.

रत्नांग्री_एक्सप्रेस

वाचत होतो सगळं. मी वरती बोललो ते बोललो, पण एक सांगा, डीएसजी डी मध्ये असली की फार लवकर वरच्या गिअरला जाते, १५०० च्या आत. घाट चढताना तशीच ठेवायची का ॲव्हरेजसाठी? कशेडीत बोगदा झाला ते बरं झालं, पण आंबा घाटात गाडी गुदमरल्यासारखी वाटते.

बोनेटखाली

फार महत्त्वाचं विचारलंत. नका ठेवू. कमी आरपीएम आणि हलका पाय हे सगळ्यात किफायतशीर, पण कमी आरपीएम आणि जड पाय हे टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला सगळ्यात वाईट. १५०० ला वरच्या गिअरमध्ये अर्धा पाय दाबून चढ चढवलात तर सिलिंडरमध्ये दाब प्रचंड आणि पिस्टन संथ, अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. याला एलएसपीआय म्हणतात, जोरात झालं तर पिस्टनची रिंगलँड (रिंग बसते ती कड) तुटते. एपीआय एसपी ग्रेडच्या ऑईलमध्ये यासाठी वेगळी चाचणी आली ती २०२० पासून. घाटात एस (स्पोर्ट) मोड किंवा मॅन्युअल घ्या, २००० ते ३००० मध्ये ठेवा, २५० एनएम १६०० ते ३५०० पर्यंत आहेच तुमच्या जातीच्या इंजिनाला. गाडी मोकळी चालेल आणि पेट्रोल फारसं जास्त लागणार नाही.

का ते बघा. गाडी, चार माणसं, सामान मिळून १६०० किलो धरा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ. एवढं वजन तेवढं वर उचलायला ८.६ मेगाज्यूल लागतात, इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर पाऊण ते एक लिटर पेट्रोल. कुठल्याही गिअरमध्ये चढवा, हे द्यावंच लागणार. त्यामुळे घाटात काटकसर करायच्या नादात इंजिनाचा छळ करू नका. क्रूझ कंट्रोलही चढावर काढा, तो वेग टिकवायला आंधळेपणाने बूस्ट मारतो, तुम्ही पाच-दहाने वेग पडू दिलात तर काही बिघडत नाही, मागे कुणी नसेल तर.

ठाणेकरीण

म्हणूनच ठाण्याहून पुण्याला जाताना मोजलेलं आणि येताना मोजलेलं यात एवढा फरक पडतो! मी नेहमी जाऊन-येऊन मिळून मोजते. आणि स्क्रीनवरचा आकडा बघून खूश होऊ नका, टाकी ऑटो कटपर्यंत भरायची, त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, परत भरायची आणि भागाकार करायचा. माझी स्क्रीन थोडी जास्तच सांगते. एका टाकीत लिटरभर इकडेतिकडे होऊ शकतं म्हणून तीन-चार टाक्यांची सरासरी काढा.

श्टुटगार्टकर

सहमत. आणखी एक, थंड इंजिन. पहिले चार-पाच किमी ऑईल घट्ट, मिश्रण रिच. इकडे थंडीत फार जाणवतं, पुण्यात कमी, पण दूध आणायला दीड किमी गाडी काढली तर ॲव्हरेज ६-७ दिसणारच. कामं एका फेरीत जोडा. सकाळी उभी करून गरम करत बसू नका, सुरू केली की अर्ध्या मिनिटात निघा, फक्त पहिली काही मिनिटं बूस्ट मारू नका. तसंच पोचल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून तीन मिनिटं आयडल ठेवायची जुनी सवय, शेवटचा किलोमीटर निवांत चालवलात तर आजच्या पाणी फिरणाऱ्या टर्बोला त्याची गरज नाही.

घाटरस्ता

अपडेट देतो. महिना झाला. हवा दर पंधरा दिवसांनी गार टायरवर, डिकीतलं उगाच पडलेलं सामान काढलं, छतावरचा कॅरिअर काढला (हा धाकट्या भावाच्या सायकलसाठी लावला होता आणि तसाच राहिला होता), सिग्नलला स्टार्ट-स्टॉप चालू ठेवतो, आणि मुख्य म्हणजे पुढे बघून पाय काढतो. स्क्रीनवर दोन सिलिंडरचं चिन्ह आता बायपासला बराच वेळ दिसतं, दोन नंबर आणि तीन नंबरचा सिलिंडर बंद करून चालते ती. सिटीत १०.५ ते ११ मध्ये आलंय, टाकी ते टाकी. ऑफिसला पोचायला जास्त वेळ लागत नाही आणि रविवारी ताम्हिणीत मनसोक्त पळवतो, तिथलं ॲव्हरेज मी बघतच नाही.

आता १७ इंची अलॉय टाकायचा विचार आहे, २२५/५० आर १७ सुचवलाय दुकानदाराने. त्याने ॲव्हरेज किती पडेल?

गॅरेजवाला_सांगली

तो साईज नगा टाकू. तुमचा मूळचा २०५/५५ आर १६, त्याचा एकूण व्यास ६३२ मिमी, हा ६५७ भरतोय. जवळजवळ चार टक्के मोठं चाक. रुंद टायर, जड रिम, पिकअप जाणार, ॲव्हरेज जाणार. वर मीटर १०० दाखवंल तवा गाडी १०४ ला असणार, आन् किलोमीटर कमी मोजल्यामुळं ॲव्हरेज हाय त्यापेक्षाबी कमीच दिसणार, मग परत इथंच विचारायला येशीला काय झालं म्हणून. १७ च पायजे असंल तर २१५/४५ चा व्यास ६२५ बसतोय, मूळच्या जवळ हाय, पर साईडवॉल बारीक, पुण्याच्या खड्ड्यात रिम वाकल. रिमचं वजन विचारून घ्या, मूळच्यापेक्षा हलकं असंल तरच पैसे घाला.

घाटरस्ता

१६ वरच राहतो दादा मग. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला चाललोय, खंबाटकी सोडली तर पुणे-कोल्हापूर दोन्ही टोकं जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळे मोजायला बरं पडेल. जाताना १०० ने आणि येताना ९० ने चालवून टाकी ते टाकी आकडे इथेच टाकतो.